जर्मनीतला फ्लोमार्क्ट: आधी तपासणी, मग भाव

जर्मनीत राहायला आलेले आपले लोक फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, सहसा एकाच क्रमाने चुकतात. वस्तू आवडली की भाव विचारायचा, घासाघीस करायची, पैसे द्यायचे आणि घरी येऊन ती नीट पाहायची. तोवर विक्रेता गाडी भरून निघून गेलेला असतो. खासगी विक्रेत्याकडून घेतलेला माल ‘जसा पाहिला तसा घेतला’ या बोलीवर जातो. ऑनलाइन खरेदीत मिळणारी १४ दिवसांत परत करण्याची मुभा इथे नसते. म्हणून क्रम असा ठेवा: बाजार निवडणे, घरची मापे, पहिली फेरी, तपासणी आणि मग भाव.

## १. कुठल्या बाजारात जायचे ते ठरवा

‘फ्लोमार्क्ट’ ही एकच पाटी असली तरी तिच्यामागे चार वेगळे बाजार असतात. चुकीच्या बाजारात गेलात तर दिवस फुकट जातो.

मोठा सार्वजनिक बाजार. घरातली अडगळ विकणारे आणि व्यापारी असे दोघेही इथे बसतात. बर्लिनचा माउअरपार्कचा बाजार रविवारी भरतो, श्ट्रासे डेस १७. युनीवरचा शनिवार-रविवारी. फ्रँकफर्टचा शनिवारचा बाजार आलटून पालटून माइन नदीकाठच्या शाउमाइनकाईवर आणि ओस्टहाफेनच्या लिंडलेश्ट्रासेवर भरतो. ‘शनिवारी नदीकाठी’ एवढेच लक्षात ठेवून निघालेली माणसे रिकाम्या रस्त्यावर पोहोचतात, तेव्हा त्या आठवड्यात कुठे आहे ते पाहूनच निघा. म्युनिकमध्ये थेरेझीनवीजवरचा प्रचंड बाजार वर्षातून एकदाच, एप्रिलमधल्या वसंतोत्सवाच्या पहिल्या शनिवारी असतो. न्यूरेंबर्गचा ट्रेंपेलमार्क्ट वर्षातून दोनदा, मे आणि सप्टेंबरमध्ये भरतो.

होफफ्लोमार्क्ट. एखाद्या मोहल्ल्यातले रहिवासी ठरलेल्या दिवशी आपापल्या अंगणात सामान मांडतात. म्युनिकमध्ये वसंतापासून शरद ऋतूपर्यंत एकेक भाग वाटून घेऊन हे बाजार होतात. संसार नव्याने मांडणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. विकणारा स्वतः ती वस्तू वापरणारा असतो, खरे सांगतो, आणि संध्याकाळी उरलेले सामान परत वर न्यायचा त्याला कंटाळा असतो.

अंटीकमार्क्ट. जुन्या, संग्राह्य वस्तूंचा बाजार. मालाची जाण नसेल तर इथे पहिले दोन-तीन वेळा फक्त पाहा.

किंडरबाझार. फक्त मुलांचे कपडे, खेळणी, बाबागाड्या. याचे नियम पूर्ण निराळे आहेत, ते पुढे वेगळे दिले आहेत.

> सावधान: जाहिरातीत ‘नॉयवारे’ हा शब्द दिसला तर नवा, स्वस्त माल विकणारेही तिथे असणार. मोबाइलची कव्हरे, बॅटऱ्या, मोजे यांचे ठेले जास्त असलेल्या बाजारात जुने चांगले सामान कमी मिळते. ‘काइने नॉयवारे’ (नवा माल नाही) असे लिहिले असेल तर बेलाशक जा.

## २. आदल्या दिवशीची तयारी

तयारीला अर्धा तास पुरतो, आणि बहुतेक लोक नेमकी तीच टाळतात.

पहिले काम मापांचे. फोनमध्ये चार आकडे लिहून ठेवा: वस्तू जिथे ठेवायची त्या जागेची लांबी-रुंदी-उंची, घराच्या दाराची रुंदी, जिन्याच्या वळणावरची सर्वांत अरुंद जागा आणि गाडीच्या डिकीचे तोंड. जुन्या इमारतींना लिफ्ट नसते, आणि चौथ्या मजल्यावर न चढणारे कपाट परत घेणारे कोणी नसते. ते टाकून देणेही सोपे नाही. मोठ्या कचऱ्यासाठी पालिकेची वेळ घ्यावी लागते, काही गावांत पैसेही मोजावे लागतात.

दुसरे काम पैशांचे. रोख न्या आणि सुटी न्या. १ आणि २ युरोची नाणी, ५ आणि १०च्या नोटा. सकाळी आठ वाजता ५० युरोची नोट पुढे केली तर विक्रेत्याकडे सुटे नसतात, आणि तो सुटे शोधेपर्यंत बाजूचा माणूस वस्तू घेऊन जातो. नोटा आतल्या खिशात आणि नाणी बाहेरच्या खिशात ठेवा. २० युरोची वस्तू १५ला मागताना गच्च भरलेले पाकीट उघडणे बरे दिसत नाही.

पिशवीत एवढे असू द्या:

- घडीची मोजपट्टी (तिथे हिला त्सोलश्टॉक म्हणतात) किंवा टेप
- छोटा लोहचुंबक
- टॉर्च
- दोन एए, दोन एएए आणि एक ९ व्होल्टची बॅटरी
- जुनी वर्तमानपत्रे, चिकटपट्टी, दोन मजबूत मोठ्या पिशव्या
- कागद आणि पेन, सायकल घ्यायची असेल तर हवेच

> तपासणी: आज काय घ्यायचे याची तीन ओळींची यादी झाली का? नसेल तर घरी स्वयंपाकघर रिकामे राहते आणि पाच फुलदाण्या येतात.

## ३. वेळ आणि पहिली फेरी

सायकल, शिवणयंत्र, चांगली भांडी हवी असतील तर बाजार उघडतानाच पोहोचा. व्यापारी अंधारातच टॉर्च घेऊन फिरतात आणि उत्तम माल पहिल्या तासात उचलतात. पुस्तके, काचेची भांडी, कुंड्या, कपडे यांसाठी घाई नको. दुपारी दोननंतर सामान बांधायला लागलेला माणूस भाव आपणहून उतरवतो. आभाळ भरून आले असेल तर त्याहीआधी.

पहिली फेरी न थांबता मारा. अपवाद एकच: यादीतली, मापात बसणारी वस्तू दिसली तर तिथेच थांबून तपासणीला लागा. ‘पुढे जाऊन येतो’ म्हटले की ती जाते.

ठेल्याजवळ गेल्यावर आधी अभिवादन करा. दक्षिणेत ‘सेर्वुस’ किंवा ‘ग्रूस गॉट’, उत्तरेत ‘मॉइन’, कुठेही ‘हालो’ चालते. न बोलता वस्तू चाचपायला लागणे तिथे उद्धटपणाचे वाटते. दुसऱ्याच्या हातात असलेल्या वस्तूचा भाव विचारायचा नाही, त्याने ती खाली ठेवेपर्यंत थांबायचे.

## ४. तपासणी

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. भाव अजून विचारलेला नाही हे लक्षात ठेवा.

### स्वयंपाकाची भांडी

चुंबक भांड्याच्या बुडाला लावा, बाजूला नाही. घट्ट चिकटला तर भांडे इंडक्शनवर चालेल. मग भांडे सपाट टेबलावर ठेवून बोटाने दाबा. डुगडुगले तर काचेच्या शेगडीवर ते नीट तापणार नाही. बिडाच्या किंवा ओतीव लोखंडी तव्यावरचा गंज घासून जातो, त्याला भिऊ नका. पण केसाइतकी जरी तड असली तरी ठेवून द्या. टेफ्लॉनचा थर खरवडलेला तवा फुकट मिळाला तरी नको.

प्रेशर कुकर (जर्मनमध्ये श्नेलकॉखटॉप्फ) तिथे पुष्कळ मिळतात. डब्ल्यूएमएफ, फिसलर, झिलिट ही नावे दिसतील. झाकण लावून, फिरवून, कुलूप नीट बसते का पाहा. व्हॉल्व्ह बोटाने दाबा, तो मोकळा वर-खाली झाला पाहिजे. झाकणातली रबरी रिंग कडक किंवा भेगाळलेली असतेच, ती नवी घ्यायची असे धरूनच चाला. म्हणून मूठ आणि झाकणावरचा मॉडेल नंबर आणि व्यास (१८ की २२ सेंटिमीटर) वाचता येतो का ते पाहा. त्याशिवाय रिंग मागवता येत नाही.

> सावधान: या कुकरना आपल्यासारखी शिटी नसते. दाब दाखवणारी दांडी वर येते आणि तिच्यावरच्या खुणेपासून मिनिटे मोजायची. ‘शिटीच होत नाही, बिघडलाय’ म्हणून चांगले कुकर नाकारले जातात. आणि शिटीची वाट पाहत ज्योत मोठी ठेवली तर डाळ करपते.

घरगुती धान्यगिरणी (गेट्राइडेम्यूले) ही आपल्या घरांसाठी खरी लाखमोलाची वस्तू आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि कोरडी भाजणी ताजी दळता येते. विकणाऱ्याला वीज जोडून मूठभर गहू दळून दाखवायला सांगा. जाते दगडाचे आहे का, पीठ बारीक येते का, जळका वास येतो का, ते पाहा. तीळ, शेंगदाणे किंवा ओलसर धान्य यांत घातले की दगडांवर चिकट थर बसतो. आधीच्या मालकाने हे केले असेल तर दगड चकचकीत, गुळगुळीत दिसतात.

### चिनीमाती, काच, चांदी

प्याला तळहातावर ठेवून कडेवर नखाने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर तो अखंड आहे. भद्द आवाज म्हणजे कुठेतरी तडा आहे, डोळ्याला दिसो न दिसो. काठावरून बोटही फिरवा, टवके डोळ्याआधी बोटाला कळतात.

माइसन या नामांकित जर्मन कारखान्याच्या चिनीमातीच्या भांड्याखाली निळ्या एकमेकींत अडकलेल्या दोन तलवारी असतात. त्या खुणेवर आडवे चरे मारलेले असतील तर कारखान्यानेच तो माल दुय्यम ठरवलेला आहे. तलवारींची नक्कल फार झाली आहे, त्यामुळे केवळ खूण पाहून मोठी रक्कम देऊ नका.

चांदीत सर्वांत जास्त फसगत ९० या आकड्यामुळे होते. काट्या-चमच्यांवर ९० किंवा १०० असा छाप म्हणजे वर नुसता चांदीचा मुलामा. खऱ्या जर्मन चांदीवर ८००, ८३५ किंवा ९२५ असतो. १८८८ नंतरच्या मालावर सोबत चंद्रकोर आणि मुकुट अशी खूण असते. ९० चा संच वापरायला छान असतो, पण चांदीच्या भावाने घ्यायचा नसतो.

> सावधान: भडक लाल-नारिंगी-पिवळ्या झिलईच्या जुन्या भांड्यांत शिसे किंवा कॅडमियम असू शकते. ती शोभेला ठेवा. आमटी, ताक, लोणचे, चिंच, लिंबू असले आंबट त्यांत कधीही नको.

### सायकल

इथे घाई म्हणजे थेट नुकसान. जर्मन कायद्यात चोरीची वस्तू अजाणता विकत घेतली तरी तिची मालकी मिळत नाही. मूळ मालक सापडला तर सायकल परत द्यावी लागते आणि पैसेही जातात.

1. सांगाड्याचा नंबर शोधा. तो पेडलच्या धुरीखाली, बैठकीच्या दांड्यावर किंवा हँडलच्या खालच्या नळीवर कोरलेला असतो. खरवडलेला किंवा रंगाने झाकलेला दिसला तर तिथूनच मागे फिरा.
2. चाक उचलून फिरवा. ब्रेकच्या पट्ट्यांमधून ते सरळ जावे, डोलू नये.
3. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे ढकला. हँडलपाशी ‘टक्-टक्’ जाणवले तर तिथले बेअरिंग ढिले आहे किंवा खराब झाले आहे.
4. साखळी पुढच्या चक्राच्या मध्यावर चिमटीत धरून ओढा. ती दातांवरून सहज उचलली गेली तर झिजली आहे, आणि बहुधा चक्रेही बदलावी लागतील.
5. दोन स्वतंत्र ब्रेक, घंटी, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, शिवाय परावर्तक हे सगळे रस्त्यावर सक्तीचे आहे. नसेल तर त्याचा खर्च भावात धरा.
6. एकदा चालवून पाहा. विक्रेता बहुधा ओळखपत्र किंवा पिशवी ठेवून जायला सांगेल. पिशवी ठेवा, पासपोर्ट ठेवू नका.

### शिवणयंत्र आणि विजेच्या वस्तू

जुन्या प्फाफ किंवा सिंगरचे चाक हाताने फिरवा, ते न अडखळता फिरावे. बॉबिनची डबी आणि पायातले पेडल सोबत आहेत का पाहा, हेच दोन भाग हमखास हरवलेले असतात. सुई ‘१३०/७०५ एच’ प्रकारची असेल तर कुठेही मिळते.

बॅटरीच्या खेळण्यांचे झाकण उघडून हिरवट-पांढरी पूड दिसते का पाहा आणि मग आपली बॅटरी घालून चालवा. दिव्यांची वायर दुमडून तपासा, कडक होऊन तडकलेली असेल तर नको. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ तिथे किंवा घरी येऊन लगेच प्लगला लावू नका. जाणकाराकडून आधी उघडून घ्या. विजेवरची पांघरुणे आणि हीटर जुने घेऊच नयेत.

जर्मनी आणि भारत दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज आहे. त्यामुळे पुढे मायदेशी नेलेले यंत्र ट्रान्सफॉर्मरशिवाय चालते, फक्त प्लग बदलावा लागतो.

### न घ्यायच्या वस्तू

- मुलांची मोटारीतली आसने. अपघात सोसलेले आसन वरून चांगले दिसते. ओळखीच्या घरातून, इतिहास ठाऊक असेल तरच घ्या. लेबलवर सुरक्षा मानकाचा क्रमांक आर ४४/०३, आर ४४/०४ किंवा आर १२९ हवा. आर ४४/०१ आणि ०२ ची आसने जर्मनीत २००८ पासून वापरायला बंदी आहे.
- हेल्मेट. कारण तेच.
- गाद्या, सोफे. ढेकूण शिवणीत लपतात.
- हस्तिदंत, कासवाच्या पाठीच्या वस्तू. परवान्याशिवाय सीमेपार नेणे बेकायदा आहे.
- नाझी चिन्हांची पदके, पट्टे. ती चिन्हे लोकांसमोर मांडणे तिथे गुन्हा आहे. विक्रेते त्यावर पट्टी चिकटवतात, आपण त्यात पडू नये.

## ५. भाव

आता विचारा: ‘वास झोल दास कोस्टन?’ म्हणजे ‘हे कितीला?’ समोरून आकडा आला की दोन क्षण गप्प राहा. पुष्कळदा तो स्वतःच खाली येतो.

तुळशीबागेतली सवय इथे उपयोगाची नाही. निम्म्याला मागितले तर विक्रेता पाठ फिरवतो, आणि मग वाजवी किंमत देऊनही तो देत नाही. साधारण पाचव्या हिश्श्याने, फार तर पावहिश्श्याने कमी मागा. १५ सांगितले तर ‘१२ला द्याल का?’ एवढे बस. मऊ भाषेत विचारायचे असेल तर ‘गेट दा नॉख वास?’ म्हणजे ‘यात अजून काही होईल का?’ हे वाक्य पुरते. एक-दोन युरोच्या वस्तूवर घासाघीस करू नका, त्यापेक्षा तीन वस्तू एकत्र धरून सगळ्यांचे मिळून विचारा.

वस्तूला नावे ठेवून भाव पाडणे ही दुसरी चूक. ती त्याच्या आजीची असू शकते. तपासणीत दिसलेला खरा दोष मात्र दाखवा: ‘रिंग नवी घ्यावी लागेल, म्हणून २० ऐवजी १५ चालतील का?’ कारण पटले की माणूस सहसा उतरतो.

> सावधान: तुम्ही आकडा बोललात आणि समोरचा ‘यावोल’ किंवा ‘ओके’ म्हणाला की सौदा झाला. नुसता अंदाज घ्यायला किंमत बोलून निघून जाणे तिथे शब्द मोडण्यासारखे धरतात. घ्यायचे नक्की असेल तरच आकडा तोंडातून काढा.

पाटीवर ‘फेस्टप्राइस’ असेल तर किंमत पक्की, विचारू नका. ‘व्हीबी’ (जर्मन उच्चार ‘फाउ-बे’) असेल तर बोलायला जागा आहे. ‘त्सु फेरशेंकन’ लिहिलेल्या खोक्यातले फुकट असते, खुशाल घ्या.

## ६. किंडरबाझार: इथला क्रम वेगळा

बालवाड्या, शाळा आणि चर्चची सभागृहे इथे हे बाजार होतात. उन्हाळी कपड्यांसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये, हिवाळी कपड्यांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. डिसेंबरात बर्फाचा सूट शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो.

बऱ्याच ठिकाणी कपडे मालकांप्रमाणे नव्हे तर मापांप्रमाणे लावलेले असतात, प्रत्येकावर विक्रेत्याचा क्रमांक आणि किंमत असते, आणि पैसे शेवटी एकाच खिडकीवर द्यायचे असतात. अशा ठिकाणी घासाघीस नसते. चिठ्ठी फाडू नका, ती गेली तर कपडा विकता येत नाही.

मापे म्हणजे मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये: ५०/५६ नवजात, पुढे ६२/६८, ७४/८०, ८६/९२, ९८/१०४. ‘दोन वर्षांचे द्या’ असे विचारून उपयोग नाही. निघण्याआधी मुलाची उंची मोजा आणि येत्या हंगामासाठी एक माप मोठे घ्या. यादीत आधी पावसाळी विजार (माट्शहोजे), बर्फाचा सूट आणि गमबूट ठेवा, कारण नवे महाग आणि मूल एका हंगामात वाढते.

गरोदर स्त्रियांना पुष्कळ बाजारांत इतरांच्या आधी आत सोडतात. त्यासाठी मुटरपास ही गरोदरपणाची नोंदवही दाखवावी लागते. ती घरी राहिली तर सगळ्यांबरोबर रांगेत उभे राहावे लागते.

> तपासणी: विजारींचे गुडघे, सुटांच्या साखळ्या आणि बुटांचे आतले तळवे. झिजलेले बूट दुसऱ्या मुलाच्या पायाला नकोत.

## ७. पैसे, कागद, ने-आण

सायकल आणि महागड्या वस्तूसाठी दोन ओळी लिहून घ्या: तारीख, किंमत, वस्तू, सांगाड्याचा नंबर, विक्रेत्याचे नाव-पत्ता आणि सही. ओळखपत्र पाहून नाव जुळवा. सही द्यायला कचरणाऱ्याकडून सायकल घेऊ नका, ती कितीही स्वस्त असो.

मोठी वस्तू नंतर न्यायची असेल तर थोडी आगाऊ रक्कम देऊन ठेवून घ्यायला सांगा आणि परत येण्याची वेळ नक्की करा. लोकल गाडीत सायकलला बऱ्याच शहरांत वेगळे तिकीट लागते, काही ठिकाणी गर्दीच्या वेळी नेताच येत नाही. काच आणि चिनीमाती एकेक वर्तमानपत्रात गुंडाळा, ताटल्या पिशवीत आडव्या न ठेवता उभ्या लावा. आडव्या ठेवल्या की खालची फुटते.

## ८. घरी आल्यावर

कपडे कपाटात ठेवण्याआधी धुवा. सोसतील ते ६० अंशांवर. लोकरी आणि रेशमी कपड्यांना कसर लागू नये म्हणून ते पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. पुस्तकांनाही हेच करता येते.

चांदीच्या सुऱ्यांच्या पोकळ मुठी आतून राळेसारख्या पदार्थाने भरलेल्या असतात. त्या गरम पाण्यात भिजवू नका किंवा भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नका, मूठ सुटते. कुकर नव्या रिंगसह पहिल्यांदा नुसते पाणी घालून चालवा आणि कडेने वाफ येते का पाहा.

लाकडी वस्तू लगेच इतर फर्निचरजवळ नेऊ नका. एक-दोन मिलिमीटरची गोल भोके जुनी आणि रिकामी असू शकतात, किंवा आत कीड जिवंत असू शकते. ती वस्तू काळ्या कागदावर ठेवा, भोके झाडून घ्या आणि एप्रिल ते ऑगस्टदरम्यान दर आठवड्याला कागद पाहा. फिकट, ताजा भुसा पुन्हा पुन्हा पडू लागला तर ती खोलीतून बाहेर काढा आणि उपचार होईपर्यंत आत आणू नका.